दहा कशाचे?

आतारमामांनी मला पहिल्यांदा उन्हात उभं केलं. एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा, शिरूरचा एसटी स्टँड. माझ्या उजव्या हातात त्यांनी पाच किलो ज्वारीची पिशवी दिली, डाव्या हातात स्वतःचा मोबाइल कोंबला आणि म्हणाले, "हां. आता वाच. कांदा काय भावानं गेला आज?"

मला दुकानात लागून तेव्हा तीनच दिवस झाले होते. दुकान म्हणजे एका शटरमागं सगळं काही. पुढं लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि डीटीपी, आत काचेच्या केबिनमध्ये वेबसाइटी. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर, पुण्यात चार वर्षं नोकरी केलेली, लग्न होऊन शिरूरला आलेली, आणि डोक्यात हवा भरपूर. एका आडत्यासाठी मी बाजारभावाचा तक्ता केला होता. आठ रकाने, एक ओळ पांढरी, एक फिकट हिरवी. कॉम्प्युटरवर असा देखणा दिसत होता की माझं मलाच कौतुक वाटत होतं. मामांच्या मोबाइलवर त्यातले अडीच रकाने दिसत होते. बाकीचे उजवीकडं, काचेच्या बाहेर.

"कांदा दिसतोय, आवक दिसतीय," मामा म्हणाले. "भाव कुठं गेला?"

"उजवीकडं सरकवायचं, मामा."

"सरकवायचं हे त्याला सांगितलं कुणी? आन् सरकवू कशानं, नाकानं?"

बाकावरची दोन माणसं हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिशवी खाली ठेवून मी सरळ म्हटलं, की मामा, मी इथं शाळा शिकायला आलेली नाही, कामाला आलेय. ते चिडले नाहीत. पिशवी उचलली, मला रसवंतीत नेलं, उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "खुर्चीत बसून भाव कोण बघतो? आडत्या. त्याला तो आधीच ठावा असतो. ज्याला ठावा नसतो तो टेम्पोत उभा असतो, एका हातानं दांडी धरून. तक्ता त्याच्यासाठी करायचा." दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता मोडला आणि नव्यानं केला. मनातून अजून चडफडतच होते.

बशीर आतार हे त्यांचं नाव. दौंडचे. वडील रेल्वेत, त्यामुळं बालपण रेल्वे कॉलनीत. सोळाव्या वर्षी ते छापखान्यात जुळारी म्हणून लागले. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ते काम. "मजकूर कुणी बी जुळवील," ते म्हणायचे, "तक्ता जुळवावा तो माझ्या उस्तादानं." पुढं खिळे भंगारात गेले, मामा डीटीपीला बसले. डीटीपीचं काम आटलं तेव्हा पन्नाशीत वेबसाइटी शिकले. इंग्रजी यथातथाच. एकदा कुणीतरी त्यावरून डिवचलं, तर म्हणाले, "इंग्रजी न्हाई येत, कोड येतो. कोडाला ग्रामर लागत न्हाई, कंस लागतो. कंस मी मोजतो."

अंगानं उंच, काटकुळे. पांढरा शर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, खिशात बडीशेपेची पुडी. सोमवार ते शनिवार शिरूरला खोली, शनिवारी दुपारच्या एसटीनं दौंडला मामींकडं. डाव्या डोळ्याला काचबिंदू होता आणि त्याबद्दल बोललेलं त्यांना चालायचं नाही. त्यांचा मोबाइल हा आमच्या केबिनमधला विनोदाचा विषय होता. पत्त्याच्या पानाएवढी काच, वरच्या कोपऱ्यात तडा. मालकांनी नवा देऊ केला तर त्यांनी तो मामींना दिला आणि जुनाच वापरत राहिले. म्हणायचे, "ह्याच्यावर दिसलं तर समद्यांना दिसंल."

तक्ता मोबाइलवर वाचता यावा म्हणून मामा काय करायचे, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या काचेवर तक्ता तक्त्यासारखाच ठेवायचा. काच लहान असली की तो आपोआप मोडायचा आणि प्रत्येक ओळीची एक वेगळी चिठ्ठी व्हायची. चिठ्ठीत एकाखाली एक आकडे, आणि प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव. कांदा. आवक इतकी. कमीत कमी भाव इतका. जास्तीत जास्त इतका. वर मथळा एकदाच लिहून भागत नाही, कारण तो मथळा वर सरकून जातो आणि खाली नुसते आकडे उरतात, आईबापाविना.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वाचणी. छापखान्यात प्रूफ दोघं मिळून तपासत. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. मामांनी ती रीत इथं आणली होती. कुठलाही तक्ता लोकांसाठी खुला करायच्या आधी ते रुमालानं मोबाइल पुसायचे, माझ्या हातात द्यायचे आणि गिऱ्हाइकानं दिलेला कागद स्वतःपुढं घ्यायचे. मी नावासकट, आकड्यासकट मोठ्यानं वाचायचं. एक शब्द बदलला असेल तरी वाचणी पुन्हा. मला वीट यायचा. एकदा मी म्हटलं, "मामा, अख्खी गीता वाचून झाली असती एवढ्यात." ते म्हणाले, "वाच की मग ती बी. पर आधी ही पूर्ण कर."

रांजणगावच्या एका कारखान्यासाठी आम्ही कंपनीच्या बसचं वेळापत्रक केलं तेव्हाची गोष्ट. मामा दोन दिवस शिक्रापूरहून कामगारांच्या बसमधून गेले आणि आले. पहिल्या पाळीच्या बसला, म्हणजे पहाटे उठून. परत आल्यावर म्हणाले, "लोक वेबसाइट उघडतच न्हाईत. एकजण उघडतो, स्क्रीनशॉट काढतो आन् गावभर पाठवतो. म्हंजी आपली चिठ्ठी एकटी फिरणार. तिच्याजवळ सांगायला आपण नसणार." मग त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर बसचा नंबर, पाळी आणि तारीख येईल असं केलं. बिहारकडची पोरं होती, त्यांच्यासाठी हिंदीतही केलं. कारखान्याच्या साहेबानं विचारलं, हे आम्ही कुठं मागितलं होतं? मामा म्हणाले, "तुमी न्हाई मागितलं. बसच्या मागं पळणाऱ्यानं मागितलं."

भांडायचेही. एका पतसंस्थेच्या चेअरमनला चौदा रकाने मोबाइलवर एका ओळीत हवे होते, वर स्वतःचा फोटो. मामांनी त्यांच्या हातात आपला तो फुटका मोबाइल दिला आणि चौदावा रकाना वाचायला सांगितला. चेअरमननी डोळे बारीक केले, मोबाइल जवळ नेला, लांब नेला, आणि शेवटी म्हणाले, "ह्यात काय दिसना बुवा." मामा म्हणाले, "फोटो दिसतोय का?" ते गिऱ्हाईक गेलं. मालक आठवडाभर मामांशी बोलले नाहीत.

हे सगळं हसत सांगता येतं. आता पुढचं सांगायला बसले की हात जड होतो. पण मामांची गोष्ट त्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि मी ती अर्धी सांगितली तर ते पुन्हा वाचायला लावतील.

दौंडला एका खाजगी ट्रस्टचं मधुमेहाचं केंद्र होतं. तिथले डॉक्टर पेशंटच्या औषधांचा तक्ता कॉम्प्युटरवर भरायचे आणि घरच्यांनी तो आपल्या मोबाइलवर बघायचा. तक्ता साधा. औषध, सकाळ, रात्र. मोबाइलवर त्याची चिठ्ठी व्हायची, पण घाईत केलेलं काम म्हणून तिथली नावं आम्ही तक्त्यातून आपोआप उचलली नव्हती, वेगळी बांधून ठेवली होती. दुसऱ्या घरात जे असेल त्याच्यापुढं 'सकाळ', तिसऱ्या घरात असेल त्याच्यापुढं 'रात्र'. मामांना ते आवडलं नव्हतं. "हे नंतर नीट करायचंय," असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

मामा डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेले. त्या शुक्रवारी केंद्रातून सिस्टरचा फोन आला. औषधाच्या नावाशेजारी 'कधी' असा एक रकाना वाढवून द्या, जेवणाआधी की जेवणानंतर, लोक सारखे विचारतात. मी म्हटलं, दहा मिनिटांत देते. दिलाही. कॉम्प्युटरवर पाहिलं. औषध, कधी, सकाळ, रात्र. अगदी बरोबर. मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली होती. मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेले.

सोमवारी मामा आले. डाव्या डोळ्यावर पट्टी. डॉक्टरनं आठ दिवस आराम सांगितला होता, पण घरात बसवेना. ते नसताना काय काय बदललं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रुमाल काढला, मोबाइल पुसला, माझ्या हातात दिला. नमुन्याची एक चिठ्ठी होती ती मी वाचायला लागले.

"इन्सुलिन. सकाळ, जेवणाआधी. रात्र, तीस." त्याखाली नुसता आकडा होता, नावाविना. तोही वाचला. "दहा."

"दहा कशाचे?" मामा म्हणाले.

मी चिठ्ठी पुन्हा वरपासून वाचली. नवा रकाना दुसऱ्या घरात बसला होता, म्हणून सगळं एकेक घर खाली सरकलं होतं. सकाळचे तीस युनिट 'रात्र'पुढं जाऊन बसले होते आणि रात्रीचे दहा बेवारस खाली. कॉम्प्युटरवर मात्र सगळं जागच्या जागी.

मामांनी कागदावरचं बोट उचललं नाही. हळूच म्हणाले, "कवापासून हाय हे?"

शुक्रवार, शनिवार, रविवार. जुन्या पेशंटांना आकडे पाठ होते, त्यांनी चिठ्ठी उघडलीच नसणार. मी मनाशी तेच घोकत होते. पण शनिवारी केंद्रात एक नवे पेशंट आले होते, दौंडच्या अलीकडच्या गावातले एक आप्पा, सत्तरीचे. सकाळचं इंजेक्शन सिस्टरनी दिलं, सुनेला टोचायचं कसं ते शिकवलं आणि रात्री किती द्यायचं ते मोबाइलवर बघायला सांगितलं. सुनेनं बघितलं. तीस दिले. आप्पा सकाळी उठले नाहीत.

हे आम्हाला दुपारी कळलं, केंद्राच्या फोनवरून. घरचे तिथं जाऊन ओरडून आले होते. डॉक्टरांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडं फिरवून दाखवला, हे बघा, रात्री दहा लिहिलंय, तुमच्या बाईनं चुकीचं वाचलं. मग सगळे त्या बाईवर उलटले. सुनंदा तिचं नाव. थोरल्या दिरानं तिला चौघांसमोर अडाणी म्हटलं, खुनी म्हटलं, आणि कार्य उरकायच्या आधीच माहेरी धाडून दिलं. चार वर्षांची लेक ठेवून घेतली. नवरा रांजणगावला कंपनीत होता, तो भावापुढं बोलला नाही.

मालकांनी फोन ठेवला, स्वतः कॉम्प्युटरवर बसले आणि पाच मिनिटांत चूक दुरुस्त केली. मग केबिनचं दार लावलं. "हे बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. "दुकान बंद पडेल, पोलीस येतील, आणि वैशाली, पहिल्यांदा तुझ्या दारात येतील." मी रडत होते. खरं सांगायचं तर त्या आप्पांसाठी नाही, माझ्यासाठीच रडत होते. मामा एवढंच म्हणाले, "आन् ती बाई?" मालक दार उघडून पुढं गिऱ्हाइकाकडं गेले.

आप्पांच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मामा त्या गावाला गेले. एका डोळ्यानं गाडी चालवता येईना म्हणून मी स्कूटीवरून नेलं. न्हावऱ्याच्या पुढं रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या होत्या, मी घाबरत चालवत होते आणि सारखी म्हणत होते, मामा, परत फिरूया. ते मागं पिशवी धरून बसले होते. पिशवीत दोन कागद होते, एकावर कॉम्प्युटरवरचा तक्ता, एकावर मोबाइलवरची चिठ्ठी.

घर मोठं, ऐसपैस, अंगणात ट्रॅक्टर. थोरला दीर गावच्या राजकारणातला माणूस, आधी खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं. मामांनी कागद पसरले आणि सगळं सांगितलं, न अडखळता, कुणालाही कळेल असं. सासू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग तिनं वाचलं ते काय वो?"

"जे दिसत हुतं तेच वाचलं, माय. तीसच दिसत हुतं. तिची काय चूक न्हाई."

दीर उठून उभा राहिला. "कुणी केलं हे?"

मी बोलणार होते असं मी पुढं कैक वेळा स्वतःला सांगितलं. पण बोलले नाही. दीर माझ्याकडं बघत होता आणि मी ट्रॅक्टरकडं बघत होते. मामांनी एकदा माझं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "म्या केलं."

दिरानं त्यांच्या मुस्काटात मारली. चष्मा उडाला. पट्टीच्याच बाजूला मारली होती. मामा खाली बसले, चाचपडत चष्मा शोधायला लागले, तो मी उचलून दिला. दीर ओरडत होता, "सुनंदाच्या माहेरच्यांनी धाडलंय ह्यास्नी. डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर दहा हाय, म्या डोळ्यांनी बघितलंय." सासू आत निघून गेली. परतीच्या वाटेवर मामा एकदाच बोलले, डोळा दुखतोय म्हणाले.

त्यांनी नंतर ट्रस्टला लेखी दिलं, की चूक त्यांच्याच हातून झाली. चौकशी बसली. सुनंदानं त्या दिवशीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता, दिराला पाठवायला म्हणून काढलेला. चौकशीवाले म्हणाले, असा फोटो कुणीही बनवतो. मग आमच्या मालकांनी हजेरीचं रजिस्टर पुढं केलं. आतार शुक्रवारी पुण्यात दवाखान्यात होते, डोळ्याला पट्टी. त्यांनी बदल केला कसा? आमच्याकडून काही बदल झालेलाच नाही. म्हातारा खोटं बोलतोय.

आणि म्हातारा खोटंच बोलत होता, हीच तर पंचाईत. बाकीचं सगळं खरं होतं, एक शब्द खोटा होता, आणि त्या एका शब्दानं सगळं खरं बुडवलं. सुनंदाच्या माहेरच्यांनी भाड्यानं आणलेला साक्षीदार म्हणून गावभर मामांचं नाव झालं. मालकांनी त्यांना कामावरून काढलं. मी कामावर जात राहिले. ते मला सांगायला लाज वाटते, पण जात राहिले, आणि पहिल्यांदा सगळे तक्ते एकटीनं केले.

असे तीन महिने गेले. एक दिवस सकाळी मामा माझ्या घरी आले. नवरा कामावर गेला होता. डाव्या डोळ्यानं आता दिसत नव्हतं, पायरीचा अंदाज घेत आत आले. मी चहा ठेवला आणि त्यांनी काही बोलायच्या आधीच त्यांच्यावर बरसले. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? मी मागितलं होतं का? तेव्हा गप्प बसला असता तर आज मला असं तोंड चुकवत फिरावं लागलं असतं का? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मी स्वतःच ऐकत होते आणि थांबता येत नव्हतं.

त्यांनी माझं होऊ दिलं. मग म्हणाले, "तुझं तोंड बघितलं तवा. पार पांढरं पडलं हुतं. तोंडातून निघून गेलं माझ्या. चुकलंच ते. खोटा आकडा घातला म्या तिथं." त्यांनी चहा बशीत ओतला. "माझं म्हणणं म्या मागं घेतलंय, लिहून दिलंय. पर आता म्या काय बी सांगितलं तरी कोण ऐकतंय? त्या बाईला तिची लेक दाखवत न्हाईत, वैशाली. तीन महिनं झालं."

"पोलीस येतील, मामा."

"येतील बी. मला ठावं न्हाई." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं होतं. "सोमवारी अकराला चौकशीची शेवटची तारीख हाय. दौंडला. म्या असंन तिथं." चहा पिऊन गेले. ये म्हणाले नाहीत, नको येऊ असंही म्हणाले नाहीत.

नवऱ्याला रात्री सांगितलं. तो म्हणाला, लेकराचा विचार कर. मी विचार केला. खरंच केला, दोन दिवस दुसरं काही केलं नाही. त्या विचारात माझं लेकरू यायचं आणि त्यामागून हटकून दुसरं यायचं, जे मी कधी पाहिलंही नव्हतं.

सोमवारी मी गेले. अकराच्या ऐवजी पावणेबाराला पोचले, कारण वाटेत दोनदा स्कूटी थांबवून परत फिरले होते. केंद्राच्या व्हरांड्यात मामा उभे होते, भिंतीला हात लावून. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, हिरवट साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. माझ्याहून लहानच असेल. मी कुणाकडं न बघता आत गेले आणि सगळं सांगितलं. माझ्या नावानं झालेला बदल, त्याची वेळ, मालकांनी केलेली दुरुस्ती. जुन्या कामाची प्रत माझ्याकडं होती, ती मोबाइलवर उघडून टेबलावर ठेवली. तीन माणसं होती. एकानं मोबाइल उचलला, मनात वाचला आणि शेजारच्याला दिला. शेजारचा डॉक्टर होता. त्यानं ती चिठ्ठी दोनदा वाचली.

पुढचं इथंच सांगून टाकते. पोलीस आले. माझ्यावर केस झाली, अजून चालू आहे. नोकरी गेली, दुकानही वर्षभरात बंद झालं. ट्रस्टनं सुनंदाला लेखी दिलं की तिची चूक नव्हती. त्या कागदानं दिराचं मन बदललं नाही, पण सासूचं बदललं. चौथ्या दिवशी म्हातारी नातीला कडेवर घेऊन स्वतः सुनंदाच्या माहेरी गेली. सुनंदा सासरी परत राहायला गेली नाही. आणि मामा त्याच हिवाळ्यात गेले, झोपेत, दौंडच्या घरी. मला मामींनी फोन केला, पण माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी. त्यांना माझा नंबर सापडत नव्हता म्हणाल्या. मी ते खरं मानलं.

त्या सोमवारी मी सांगून बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात दोघंच होती. मामा सुनंदापुढं वाकून म्हणत होते, "झालं बाई. लिहून घेतलं त्यांनी. तू बराबर वाचलं हुतंस."

"मला ठावं हाय, मामा," ती म्हणाली. "मी धावी पास झालीय. पर तीन महिनं समदी म्हणत्यात, तर मलाच वाटाया लागलं हुतं का मला वाचता येत न्हाई. दुकानाची पाटी बी मी दोनदा वाचायची." एवढं बोलून ती रडायला लागली. मामा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातूनही पाणी येत होतं.

मी लांब उभी होते. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. विचारलं, "ताई, तीन महिनं कुठं हुता तुमी?"

मी मामांकडं बघितलं. सवयीनंच बघितलं. ते माझ्याऐवजी काही बोलले नाहीत. पिशवी खांद्याला अडकवली, भिंतीचा हात सोडला आणि मी काय म्हणते ते ऐकायला थांबले.

"शिरूरलाच होते," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली आणि रिक्षा बघायला फाटकाकडं निघाले. पायऱ्यांवर सुनंदानं त्यांचा हात धरला.